पुंजाजीचे बैल जिथं थांबतात

माणूस हरवला की मागं फक्त रिकामी जागा उरते, असं ज्याला वाटतं तो जऊळका स्टेशनासमोरच्या निंबाखाली कधी बसलेला नसावा! आमचा एक दमणीवाला हरवला आणि त्याच्या जागी इतक्या गोष्टी येऊन बसल्या की आम्हालाच बसायला जागा उरली नाही.

लढाईच्या आधीचा काळ. मी स्टेशनावर तारबाबू होतो. गाड्या मोजक्या, तारा त्याहून मोजक्या, म्हणून माझा मुक्काम बहुतेक निंबाखालीच. शिरपूरच्या देवळाला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट पाहत तिथं दमण्या सुटलेल्या असायच्या. वर छत, आत गादी, अशी ती बसायची बैलगाडी. त्यातली एक पुंजाजीची. तिचे बैल बादशा आणि वजीर.

एका संध्याकाळी शिरपूरला माणसं सोडून बादशा-वजीर आपले आपण घरी आले. गादी जागेवर, कंदील जागेवर, पुंजाजीचा पटकासुद्धा जागेवर. फक्त पुंजाजी नाही. त्याची बायको रुखमा ताट वाढून बसली, आणि ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीच्या आत निंबाखाली पहिला निकाल लागला. निकाल देणारा महादू, पुंजाजीचा शेजारी आणि तोही दमणीवालाच. म्हणाला, "साधू झाला थो! परवाच मले म्हने, महादू, याच्यात आता कायी राह्यलं नाई. मले तवाच समजलं, संसारावरून मन उडालं म्हून!"

चहावाले करीमभाई किटली खाली ठेवत म्हणाले, "अरे, वो तो तेरे बैल को देखके बोला था!"

*

महादूचा साधू मोडीत निघाला, तसा गणपत पुढं सरसावला. गणपतचं पान-तंबाखूचं दुकान. वर्षभरापूर्वी रुखमानं पुंजाजीला बादशाच्या पाठीवर हात ठेवायला लावून तंबाखू सोडायची शपथ घातली होती, आणि त्या दिवसापासून पुंजाजीनं निंबाखाली कुणाची चिमूटही घेतली नव्हती. गणपतच्या हे जिव्हारी लागलं होतं.

"त्याच्यासाठी भिजवलेला चुना आठ दिवसांत वाळून खडा झाला," तो म्हणायचा, "पण गडी दुकानाकडं फिरकला नाई. मानसानं अशी एकदम तंबाखू सोडली का डोस्कं फिरतेच!"

त्यानंतर कुणी नुसतं म्हणालं की यंदा तंबाखू कमी करावी म्हणतो, की गणपत हात जोडायचा, "नको रे बापा, पुंजाजी होशील!" त्या हंगामात त्याचा धंदा जेवढा चालला तेवढा पुन्हा कधी चालला नाही.

*

मग पोलीस जमादार आले. त्यांना कारण पाहिजे होतं. कारणाशिवाय माणूस जाणं त्यांच्या कायद्यात बसत नव्हतं. पुंजाजीच्या ओसरीवर बाज टाकून त्यांनी रुखमाला विचारलं, "नवरा-बायकोत भांडण होतं का?"

"होतं."

अंगणात जमलेलं सगळं गाव दोन पावलं पुढं सरकलं.

"कवापासून?"

"लगीन झालं तवापासून. रोज."

"मंग त्या दिवशी कशावरून झालं?"

"त्या दिवशी झालंच नाई ना, सायेब! म्हून तर मले दिवसभर चुकल्या चुकल्यासारखं वाटून राह्यलं होतं!"

जमादारांनी चहा संपवला आणि टोपी घालून निघाले.

*

पुढच्या महिन्यांत पुंजाजी सगळीकडं दिसू लागला. कुणाला अकोल्याच्या बाजारात, कुणाला वाशीमला तालमीत. एकाला इंझोरीत कांदे विकताना दिसला. हे मात्र खात्रीचं निघालं. तीच उंची, त्याच मिशा, गालावर तोच तीळ! महादू स्वतः दमणी जोडून गेला आणि त्या माणसाला घेऊनच आला. सगळी वस्ती दारात उभी.

रुखमानं पदर सावरत दमणीत डोकावून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं होतं ते मावळताना मी पाहिलं, आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण ती लगेच म्हणाली, "हे नाईत. पन आता आलेच हाये तं जेवून जाय म्हना."

महादू त्या माणसावर खेकसला, "अबे, तू पुंजाजी नाई तं बोलला काहून नाई?"

"तुमी इचारलं कवा? तुमी म्हनलं, चाल, बस गाडीत. मी म्हनलं, फुकट दमनी भेटून राह्यली, काहून नाई म्हनाचं?"

*

शेवटी गोष्ट जिथं यायची तिथंच आली. शिरपूरला दुसरी बाई! असे निकाल देताना माणसाचा आवाज आपोआप बारीक होतो. पण महादूचा आवाज बारीक झाला तरी स्टेशनभर ऐकू जायचा, आणि रुखमाचं घर स्टेशनापासून लांब नव्हतं.

तीच बाहेर आली. "तुमची खातरी करून घ्या," म्हणाली. "बैल जोडून देते. कासरा कोनी धरू नका. थे रोज जिथं थांबत, तिथं बैल थांबतीन."

बादशा-वजीर पुढं आणि जमादारांसकट सगळा निंब मागं, अशी वरात निघाली. बैल पहिला कोपरा वळले आणि एका दारापुढं गपकन थांबले. दार महादूचं! आतून महादूची बायको पाण्याची बादली घेऊन बाहेर आली आणि एवढी माणसं पाहून तिथंच उभी राहिली. पुंजाजी बैलांना रोज तिथंच पाणी पाजायचा, एवढीच ती गोष्ट. पण ती सांगेपर्यंत महादूच्या चेहऱ्याचे जे रंग झाले, त्यावर करीमभाई पुढं महिनाभर हसत होते.

बैल निघाले ते शिरपूरच्या वाटेवर एका चिंचेखाली थांबले. आसपास घर नाही, विहीर नाही, बाईमाणूस तर नाहीच. जमादारांनी जमीन उकरून घेतली, तर एक गंजका नाल निघाला. झाडाला डोक्याएवढ्या उंचीवर एक ढोली होती.

"घाल हात," जमादार महादूला म्हणाले.

"साप असते तिथं. तुमी सरकार हाये, तुमी घाला!"

सरकारनं घातला नाही. चिंचेवर भूत असल्याचं त्याच संध्याकाळी ठरलं.

*

ह्या सगळ्यात रुखमाचा धाकटा दीर, दौलत, गप्प होता. वर्ष उलटलं तसा तो बोलला. "वैनी, आता कायले आस धरता? पोयापर्यंत दादाची खबर आली तं ठीक. नाई तं बैल माह्या दावनीले, आन् तुमी कुकू पुसा." पंचांनीही मान हलवली.

रुखमानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः दमणी जोडली आणि स्टेशनावर येऊन उभी राहिली. बाईची दमणी म्हणून पहिल्यांदा कुणी बसेना. मग गुजराथकडची एक यात्रेकरू म्हातारी बसली. म्हणाली, "बाई हाकणार, म्हणजे बैलांना शिव्या तरी नाही ऐकू येणार." शिरपूरहून परत आली तेव्हा म्हातारी कानांवर पदर गच्च गुंडाळून बसलेली होती!

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी मला शिरपूरला काम निघालं. दमणीत मी एकटाच. चिंच आली, बैल थांबले. रोज ती त्यांना तशीच पुढं हाकायची. त्या दिवशी मात्र उतरली. जमिनीकडं तिनं पाहिलंच नाही. सरळ झाडाशी गेली आणि ढोलीत कोपरापर्यंत हात घातला.

हातात चंची आली. पान-तंबाखूची, नाडीची, जुन्या लुगड्याच्या काठाची.

"माह्यंच लुगडं हाये हे!" ती ओरडली. मग पोट धरून हसायला लागली. "तंबाखू सोडली म्हने! बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली होती, बाबू! आन् रोज अठी थांबून खात होते!"

मीही हसलो. साधू, भूत, दुसरी बाई, आणि निघालं काय, तर चिमूटभर तंबाखू! हसता हसता तिनं चंचीतली चुन्याची डबी उघडली, आत बोट घातलं, आणि तिचं हसू थांबलं.

तिनं बोट माझ्यापुढं धरलं. बोटाला चुना लागला होता. मऊ, ओला चुना.

ती वाटेकडं पाहत राहिली, आधी ह्या बाजूला, मग त्या बाजूला. वाटेवर कुणी नव्हतं. तिनं डबी मिटली, चंची होती तशी गुंडाळली आणि ढोलीत ठेवून दिली. येताना शिरपूरच्या बाजारात तिनं तंबाखूची एक पुडी घेतली आणि परतीच्या वाटेवर तीही ढोलीत ठेवली. मला काही म्हणाली नाही, आणि मीही निंबाखाली काही बोललो नाही.

पोळ्याच्या सकाळी दौलत दावं घेऊन आला. बरोबर पंच, मागं महादू, गणपत, करीमभाई, सगळेच. रुखमा वजीरच्या शिंगांना रंग देत होती. कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा मोठं.

"वैनी, आला ना पोया?" दौलत म्हणाला. "अजून वाट पाहून राह्यल्या? सांगा ना मंग, कुठी हाये दादा?"

रुखमानं शिंगावरचा हात थांबवला नाही.

"तंबाखू थुकाले गेले हाये," ती म्हणाली. "येतीन!"

"खबर तं आली मंग," एक पंच म्हणाला. दौलत रिकामं दावं गुंडाळत घरी गेला.