माझ्या बापाच्या चढाया

आमच्या घरात एक नियम होता. नाना किस्सा सांगत असतील तर मध्ये बोलायचं नाही. हसू आलं तर हसायचं, नाही आलं तरी हसायचं. का, ते विचारायचं नाही. मी सातवीत असताना विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "मोठ्यांचं असतं तसं." इंजिनिअर झाल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हाही हेच. माझं शिक्षण पूर्ण झालं, उत्तराचं राहिलं.

नाना म्हणजे आमच्या गावच्या कबड्डी संघाचे सर्वेसर्वा. गाव चऱ्होलीच्या शेजारचं. तिथं आता टॉवर आहेत, आणि जिथं कबड्डीचं मैदान होतं तिथं नानांचं लग्नाचं लॉन्स आहे. माझे वडील विलास हे त्या संघातले सगळ्यात चांगले चढाईपटू. त्यांच्याआधी आमच्या बौद्ध वस्तीतल्या कुणाच्या अंगावर गावच्या संघाची बनियन चढली नव्हती.

यंदा गावच्या कबड्डी मंडळाला पन्नास वर्षं होतायत. पप्पांचा सत्कार ठरलाय आणि त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय, कारण मी 'बोलते चांगली'. पहिलं वाक्य नानांनी आधीच देऊन ठेवलं होतं: "या गावानं खेळाडूची कधी जात पाहिली नाही." बाकीचं तू भर, म्हणाले.

म्हणून मी किस्से गोळा करायला बसले. किस्से लेथखालच्या लोखंडाच्या चुऱ्यासारखे असतात. काम चालू असताना कुणाचं लक्ष नसतं, आणि झाडायला घ्यावं तर पाटीभर निघतात. हातात मात्र जपून घ्यावे लागतात.

*

पप्पा संघात आले कसे, हा नानांचा सगळ्यात आवडता किस्सा.

आळंदीच्या बाजूला स्पर्धा होती. संघातला एक गडी स्वतःच्या बहिणीच्या लग्नात अडकला. नानांनी दोरीबाहेर पाहिलं तर पप्पा उभे. गावातली पोरं सराव करायची तेव्हाही ते असेच दोरीबाहेर उभे असायचे. कुणाचा पाय कुठं पडतो, हे बघून बघून त्यांना पाठ झालं होतं.

नाना म्हणाले, "ए विल्या, चल आत. पन येक ध्यानात ठेव. कुनी काय बी बोललं तरी तोंड उघडायचं न्हाई. तुझा दम चढाईपुरता."

चढाईला गेलेल्यानं एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. दम तुटला की गडी बाद. म्हणजे माझ्या बापाला मैदानात एकच शब्द बोलायची परवानगी होती.

नाना हा किस्सा असा संपवतात: "असा गुनी गडी! अख्ख्या आयुष्यात कबड्डीबिगर दुसरा शब्द न्हाई तोंडात."

सगळे हसतात. पप्पापण हसतात. मला वाटायचं त्यांना मुळातच कमी बोलायची सवय आहे. घरी भाजीत मीठ कमी असलं तरी ते बोलत नाहीत, हे त्याच शिस्तीत बसतं हे फार उशिरा कळलं.

*

एकदाच त्यांचा दम मधेच तुटला.

उपांत्य सामना, शेवटची काही मिनिटं. पप्पा समोरच्या अंगणात पोचले आणि प्रेक्षकांतून कुणीतरी काहीतरी ओरडलं. पप्पा थबकले, मान वळवली, दम गेला. संघ हरला.

"काय ओरडला होता तो?" मी नानांना विचारलं.

"काय की बा. आता कुठं ध्यानात राहतंय."

घरी येऊन पप्पांना विचारलं. "आठवत नाही गं."

नानांना त्या सामन्याचे गुण आठवतात, पंचाचं नाव आठवतं, जाताना टेम्पो कुठं बंद पडला तेही आठवतं. पप्पांना तर त्या दिवशी कोणत्या पायानं रेघ ओलांडली हेसुद्धा आठवतं. नेमकं ते एक वाक्य मात्र दोघांच्याही डोक्यातून साफ गेलंय.

*

खेडच्या बाजूच्या एका गावाशी सामना होता. पप्पा पहिल्या चढाईला गेले. समोरच्या संघाचा एक म्हातारा दोरीला खेटून बसला होता. तो आपल्या पोरांना म्हणाला, "त्याला धरू नगा रं. घरी जाऊन अंघुळी कराव्या लागतील."

पोरं बिचारी तरणी. खेळायचं होतं, पण म्हाताऱ्याचा धाकही होता. हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. पप्पा आले की साखळी तुटायची. पप्पांनी शिवायचं आणि परत यायचं, शिवायचं आणि परत यायचं. समोरचं अंगण रिकामं. अख्खा संघ बाद होऊन लोण चढला, मग आणखी एक चढला.

नानांचा शेवट: "आरं, शिवाशिवीचा असा फायदा देशात दुसऱ्या कुनी उठवला नसंल!"

हा किस्सा मी लग्नांत ऐकलाय, बारशात ऐकलाय, एकदा तर दहाव्यालाही ऐकलाय. दर वेळी टाळ्या.

मागच्या महिन्यात मी पप्पांना विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी कसं वाटलं?"

"गुण मिळाले की."

"ते नाही हो. तुम्हाला."

पप्पा पायातली चप्पल काढून झटकत होते. बराच वेळ झटकत राहिले. मग म्हणाले, "मातीतला खेळ आहे तो. त्या दिवशी माझ्या अंगाला मातीच लागली नाही."

*

त्याच गावाचा पुढचा किस्सा नाना सांगत नाहीत. तो आईचा आहे.

म्हातारा वारला असेल किंवा पोरांना अक्कल आली असेल, पण पुढच्या स्पर्धेत त्यांनी पप्पांना धरलं. नुसतं धरलं नाही, उचलून आपटलं. वर अख्खा ढीग पडला. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. नवरा घरी आला तो खांदा सुजलेला, कानात माती, ओठ फुटलेला.

आई रडायलाच लागली. हळद गरम करायला घेतली, तर हे दारातच उभे, आणि चेहरा असा की जणू लॉटरी लागलीय.

"हरलात ना?" आईनं विचारलं.

"हरलो."

"मग हसताय काय?"

"आज धरलं त्यांनी मला."

आई हे सांगते आणि लगेच म्हणते, "तुझा बाप येडाच आहे." मग स्वयंपाकघरात जाते. दर वेळी जाते.

*

कप जिंकला त्या वर्षीचा फोटो मंडळाच्या ऑफिसात लावलाय. सगळा संघ आहे. पप्पा नाहीत.

नानांचा खुलासा तयार असतो: "अगं, फोटो काढायला कुनी नव्हतं. मग इलासनीच काढला. गडी येक नंबर, पन फोटोग्राफर रद्दी! बघ, समद्यांची पावलं कापली."

खरंच कापलीत. कबड्डीच्या संघाचा फोटो आणि एकालाही पाय नाही. मीही वर्षानुवर्षं त्यावर हसले.

मग एका साखरपुड्यात दत्ताभाऊ भेटले. ते त्या संघात कोपरा सांभाळायचे, आता वाल्हेकरवाडीच्या पोरीकडे राहतात. गुडघ्यांबद्दल बोलता बोलता म्हणाले, "फोटोवाला आलता की आळंदीवरनं. चांगला ष्टँड लावून, काळं फडकं डोक्यावर घिऊन."

"मग पप्पा?"

"त्याला बरफ आनाया धाडलं हुतं कुनीतरी. आमी म्हनलं थांबू, पर फोटोवाल्याला घाई."

"आणि ती कापलेली पावलं?"

"ती त्या फोटोवाल्यानंच कापली."

म्हणजे फोटोत तर घेतलं नाहीच, वर खराब फोटोचं खापरही आमच्याच डोक्यावर.

*

पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीचा तेव्हा स्वतःचा कबड्डी संघ होता. चांगला खेळाडू दिसला की त्याला घ्यायचे आणि पर्मनंट करायचे. त्यांचे एक साहेब आमच्या गावची मॅच बघायला आले. पप्पांचा खेळ बघून गेले आणि निरोप ठेवला, सोमवारी मैदानावर चाचणीला पाठवा.

निरोप नानांच्या घरी आला, कारण गावात फोन त्यांच्याकडेच होता.

पुढचं नानांच्याच शब्दांत: "मी म्हनलं, आत्ताच सांगितलं तर पठ्ठ्या कंपनीत पळंल. हिकडं फायनल तोंडावर. म्हनलं, आधी कप आन, मग सांगतो! आनला की कप. कंपनीवाले तोवर दुसऱ्याला घिऊन मोकळे."

हा किस्सा सांगताना नानांना ठसका लागतो इतके ते हसतात.

पप्पा त्यानंतर चाकणला प्रेस शॉपमध्ये लागले. कंत्राटावर. कंत्राटदार बदलत गेले, कंपनीच्या पाटीवरचं नाव बदललं, गणवेशाचा रंग बदलला. पप्पा कंत्राटावरच राहिले. आता गुडघे दुखतात म्हणून त्यांना गेटवर बसवलंय. कंपनीच्या संघात त्यांच्या जागी जो गेला तो पर्मनंट होऊन, व्हीआरएस घेऊन पुनावळ्यात फ्लॅटमध्ये राहतो. बिचारा चांगला माणूस आहे. भेटला की पप्पांना म्हणतो, "विलास, तू आला असतास तर मी कुठला रे."

कप नानांच्या हॉलमध्ये आहे. त्यात गाड्यांच्या किल्ल्या ठेवतात.

मी एकदा पप्पांवर चिडले. म्हटलं, "तुम्ही त्यांना जाब का नाही विचारला?"

ते म्हणाले, "मला हा किस्सा त्यांनी पहिल्यांदा सांगितला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. बारशाला गेलो होतो. सगळे हसत होते." मग म्हणाले, "मी पण हसलो. कळायच्या आधीच हसलो."

*

मागच्या रविवारी लॉन्सच्या ऑफिसात बैठक होती. नाना, दत्ताभाऊ, संघातली आणखी दोन-तीन म्हातारी मंडळी, पप्पा आणि मी. निमंत्रणपत्रिका छापून आली होती. तिच्यावर पप्पांचं नाव 'विलासराव' असं होतं. विल्याचं विलासराव व्हायला मंडळाची पन्नास वर्षं आणि एक छापखाना लागला.

नाना कार्यक्रम समजावून देत होते. सकाळी सगळे जुने कप्तान भैरोबाच्या देवळात जाणार, नारळ फोडणार, मग हलगी लावून मिरवणूक लॉन्सवर येणार.

"विलासराव, तुमी थेट हितंच या. उगं उन्हात दगदग कशाला."

"पप्पा मिरवणुकीत का नाहीत?" मी विचारलं.

दत्ताभाऊ म्हणाले, "ती कप्तानांची हाय, पोरी. पैल्यापासूनचा रिवाज. सामन्याआधी कप्तानानं गाभाऱ्यात जाऊन नारळ फोडायचा आन् तिथला अंगारा समद्या संघाला लावायचा."

"मग पप्पा कप्तान का नव्हते? सगळ्यात चांगला खेळाडू तेच, असं तुम्हीच सांगता."

बाहेर पोरं खुर्च्यांना पांढरी कापडं घालत होती. आत कुणी पत्रिका उलटीसुलटी करून बघायला लागलं, कुणी चष्मा पुसायला लागलं. नाना मात्र हसले. त्यांना प्रत्येक गोष्टीवर हसता येतं.

"अगं, तुमी लोक देव मानत न्हाई. त्याला नारळ फोडाया लावायचा म्हंजी त्याच्या मनाइरुद्ध झालं असतं. त्याच्या सोयीनंच केलं समदं. इचार तुझ्या बापाला. इलास, खरं सांग, फोडला असतास व्हय नारळ?"

पप्पा म्हणाले, "नाही नाना. नसता फोडला."

"ऐकलंस?" नाना खुर्चीत मागे रेलले. बाकीचेही मोकळे होऊन हसले.

पप्पा हसले नाहीत. म्हणाले, "पण मला कुणी विचारलंच नाही."

हे ते इतक्या हळू म्हणाले की नानांनी ऐकलंच नसावं, किंवा ऐकून पुढे गेले असावेत. त्यांनी माझ्या पुढ्यातल्या कागदावर बोट ठेवलं.

"बरं, त्ये ऱ्हाऊ दे. पैलं वाक्य वाचून दाखव. माईकवर कसं वाटंल बघू."

"ते मी वाचणार नाही."

"म्हंजी?"

"पप्पांची ओळख मी करून देणार. ते वाक्य वाचणार नाही. या बैठकीत नाही, माईकवर नाही."

नानांनी पप्पांकडे पाहिलं, पोरीला समजाव अशा नजरेनं. दत्ताभाऊंनीही पाहिलं. पप्पांनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या शेजारी आणून ठेवली.