सारजाबाईंनी ओतून दिलेलं दूध

भूममध्ये खव्याच्या भट्टीवर दूध घालणाऱ्या कुणालाही विचारा, सारजाबाईंसमोर किटली ठेवताना छातीत धडधडतंच. चाळीस वर्षं झाली बाईंना या धंद्यात. दुधात बोट बुडवायचं, नखावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा आणि नुसतं समोरच्याकडं बघायचं. तेवढ्यावर माणूस आपणहून कबूल व्हायचा, की भांडं विसळलेलं पाणी राहिलं असंल चुकून. दूध तपासायच्या मशीनचा आकडा चुकंल, पण सारजाबाईंची जीभ चुकायची नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. त्या स्वतःही म्हणायच्या, खोटं कशाला सांगू.

आणि नेमकी अशा घरात नातीला दूध सोसेना. काय म्हणावं या नशिबाला! अर्पिता पाच महिन्यांची. मागच्या महिन्यात सारजाबाईंनीच मोठ्या हौसेनं, निम्मं पाणी घालून, तिला म्हशीचं दूध पाजलं. लेकराला उलट्या-जुलाब लागले, दोन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आता आई, म्हणजे सारजाबाईंची सून शिवकन्या, एसटीत कंडक्टर. तिची रजा संपत आलेली. दुधाची सोय झाली नाही तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

शेवटी शिवकन्येनं दूध काढायचा पंप मागवला. मुठीत मावेल एवढा, चार्जिंगवर चालणारा, कुठंही नेता येईल असा. गोठ्यात मशीन होतंच, आता माजघरातबी आलं, म्हणून सारजाबाईंनी भरपूर थट्टा केली. पण सून तो जोडायला बसली की या हातातली भाकर सोडून बघायला यायच्या. नरसाळ्यासारखा कप, त्याच्यामागं रबराचा इवलासा पांढरा पडदा, खाली बाटली. पहिल्या दिवशी पडदा उलटा बसला आणि पंप नुसताच गुरगुरला. नीट बसवल्यावर तो आधी हलकं, भराभर ओढायचा; पान्हा फुटला की सावकाश, लांब. ते बघून सारजाबाईंना वासरू आठवलं. तेही आधी ढुशा देतं, मग ओढतं. हे बनवणारा गोठ्यातलाच दिसतोय, असं म्हणून त्यांनी थट्टा बंद केली आणि सगळं धुवून उकळून ठेवायचं काम स्वतःकडं घेतलं.

सोमवारी सकाळी सहाला शिवकन्या ड्युटीवर गेली. जाताना फ्रिजमधल्या दोन बाटल्या दाखवून गेली. कोमट पाण्यात धरायच्या, उकळायच्या नाहीत, हे तिनं दोनदा सांगितलं. मुलगा उत्तरेश्वर भट्टीवर गेलेला. घरात आजी आणि नात, दोघीच.

नऊला अर्पिता किरकिरली. सारजाबाईंनी बाटली काढली, उजेडाला धरली. वर पिवळा थर, खाली निळसर पाणी. दुसरीचीही तीच गत. साय काय त्यांना ठाऊक नव्हती? पण सायीखालचं दूध पांढरं असतं, हे तर नासलेल्या दुधाच्या निवळीसारखं दिसत होतं. वास घेतला, तोही काहीतरी वेगळाच. एक थेंब जिभेवर घेतला असता तर कळलं असतं. पण गावभरचं दूध चाखणाऱ्या बाईला सुनेच्या अंगावरचं दूध चाखायचा संकोच वाटला. लेकराच्या हातातली ती सलाईनची सुई डोळ्यांपुढं आली. नासलं, असं ठरवून त्यांनी दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या.

मग लेकरानं जे रडणं काढलं म्हणता! सून फोन उचलेना. भट्टीवर कढई-कढई दूध आटत होतं आणि घरात या जिवाला पाजायला थेंब नव्हता. सारजाबाईंचा हात एकदा म्हशीच्या दुधाच्या पातेल्याकडं गेला. तो त्यांनी मागं घेतला, पोरीला पदराखाली घेतलं आणि तडक स्टँड गाठला. सुनेची गाडी बार्शीहून साडेदहाला यायची होती आणि वीस मिनिटं थांबणार होती. तोवर लेकरू रडून रडून दमलं, नुसतेच हुंदके द्यायला लागलं, तेव्हा मात्र बाईंच्या डोळ्यांना धार लागली. लोक बघत होते. बघू देत.

गाडीतून उतरताना सासूला बघून शिवकन्या धावतच आली. काही न विचारता तिनं लेकरू घेतलं, स्टँडवरच्या हिरकणी कक्षात जाऊन छातीशी लावलं. हुंदके थांबले. मग सारजाबाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

शिवकन्येचे डोळे भरले. त्या दोन बाटल्यांसाठी ती कितीदा बसली होती, हे सासूनंच पाहिलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं सारजाबाईंना वाटलं.

"आत्या, ते नासलं नव्हतं," ती म्हणाली. "आईचं दूध गार झालं की असंच फुटल्यासारखं दिसतं. हळू फिरवलं की एक होतं. मीच सांगायला विसरले."

तिनं बॅगेतून बर्फात ठेवलेली बाटली काढून सासूच्या हातात दिली. सकाळी बार्शीला काढलेलं दूध होतं ते. सारजाबाईंनी झाकण उघडलं, सवयीनं नखावर एक थेंब घेतला, आणि या वेळी जिभेला लावला.

"गोड हाय गं," त्या म्हणाल्या. "चार लेकरं पाजली म्या. पण आईचं दूध दिसतं कसं, ते कधी बघितलंच न्हाई."

गाडीची वेळ झाली, शिवकन्या गेली. दुपारी अर्पिता उठली तेव्हा बाटलीत पुन्हा पिवळा थर वर आला होता. सारजाबाईंनी ती कोमट पाण्यात धरली आणि सगळं एकसारखं पांढरं होईपर्यंत हळूहळू फिरवत राहिल्या. मग नातीला मांडीवर घेऊन शेवटच्या थेंबापर्यंत पाजलं.