रिफाच्या घरात हरवलेला धूर

गेल्या शुक्रवारी बहारीनमधल्या रिफा शहरातल्या आमच्या घरात धूर हरवला. ऐकायला विचित्र वाटेल, पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे... खालून गेला आणि वर आलाच नाही.

बहारीनमध्ये थंडी पडते हे तिकडे भारतातल्या लोकांना पटत नाही. जानेवारीत समुद्रावरून दमट वारा सुटला की या उंच छतांच्या, गार फरश्यांच्या घरांत हाडं गारठतात. माझे बाबा दोन महिन्यांसाठी वाईहून आलेत, वय अठ्ठ्याहत्तर. "फार नाही गं थंडी," असं म्हणायचे आणि हात काखेत दाबून बसायचे.

आमच्या हॉलमध्ये फायरप्लेस आहे, गच्चीवर त्याचं धुराडंही आहे. सहा वर्षांत त्यात काडी पेटली नव्हती. देश सोडून निघालेल्या शेजारणीने तिचा लाकडं जाळायचा लोखंडी स्टोव्ह देऊ केला आणि मी ठरवून टाकलं... धुराडं आहे, स्टोव्ह आहे, मधे चार फूट पाइप टाकला की झालं. घरमालकांना विचारलं तर ते हसून "इंशाल्ला", म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असं म्हणाले. मी त्याचा अर्थ "हो" असा घेतला.

पाइप जोडायला दत्तारामदादा आले. मूळचे कुडाळचे, इथे जिदहफ्स गावात पत्र्याचं काम करतात, हॉटेलांच्या किचनमधला धूर बाहेर नेणारे डक्ट बनवतात. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मखराचा सांगाडा तेच उभा करतात, म्हणून ओळख.

त्यांनी पाइपला हातच लावला नाही. आधी वर्तमानपत्राचा बोळा पेटवून फायरप्लेसमध्ये धरला. धूर सरळ वर ओढला गेला... मी खूश. मग मी नवऱ्याला, सुधीरला, खाली दुसरा बोळा पेटवायला सांगितलं आणि आम्ही दोघं गच्चीवर गेलो.

वर धुराचा मागमूस नव्हता.

तिसरा बोळा, चौथा बोळा... खालून सुधीर ओरडून सांगतोय की गेला, गेला. वर आम्ही धुराड्याच्या जाळीकडे बघत उभे. चार बोळ्यांचा धूर जाईल कुठे? माझं डोकंच चालेना.

आम्ही खाली हॉलमध्ये आलो. सुधीर सिव्हिल इंजिनीअर. तो म्हणाला, एवढासा धूर वाटेतच गार होऊन विरत असेल. मला ते लगेच पटलं, कारण मला ते पटायला हवंच होतं.

मग मी दत्तारामदादांना समजवायला घेतलं. गरम हवा, थंड हवा, हवेचा दाब... तिथून माणसाने विस्तव पहिल्यांदा घरात आणला त्यावर गेले, आणि पुढे प्रत्येक नव्या गोष्टीला "आधी बघू" म्हणणाऱ्या आपल्या समाजावर. मंडळाच्या माइकवर बोलते त्याच आवाजात. वीस मिनिटं तरी झाली असतील.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमचा सगळा बरोबर. पण धूर खंय गेलो ता गावल्याशिवाय मी पाइप जोडूचंय नाय."

मी चिडले, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी स्टोव्ह पेटवायचाच होता. दुसरा माणूस बोलवावा, इथपर्यंत मनात आलं... तेवढ्यात त्यांनी विचारलं, या भिंतीच्या वर कोणाची खोली आहे?

बाबांची.

वर जाऊन दार उघडलं. बाबा दोन स्वेटर, शाल, कानटोपी घालून खिडकीपाशी बसलेले, आणि खिडकी सताड उघडी. खोलीभर जळक्या कागदाचा वास... एसीच्या मागून धुराची बारीक रेघ अजून येत होती.

दत्तारामदादांनी एसी भिंतीवरून खाली घेतला. मागे मुठीएवढं भोक, थेट धुराड्यात. एसीचे तांब्याचे पाइप त्यातूनच गच्चीवर नेलेले, आणि धूळ, कबुतरं येऊ नयेत म्हणून धुराड्याचं तोंड जाळीच्या आतून सिमेंटने बुजवलेलं.

आणि मग आठवलं... हे मीच करून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी एसीवाला पाइप बाहेरच्या भिंतीवरून नेणार होता. मला ते कुरूप वाटलं. धुराडं रिकामंच आहे ना, मग त्यातून ने, म्हटलं. तो नको नको म्हणत होता, पण त्यालाही मी बरंच ऐकवलं होतं. शेवटी "खलास मॅडम, जैसा आप बोलो" म्हणून त्याने ड्रिल हातात घेतलं.

मी बाबांच्या पलंगावर बसले. त्या संध्याकाळी स्टोव्ह पेटला असता. बाबांनी थंडी म्हणून खिडकी लावून घेतली असती. लाकडाच्या धुरात जो विषारी वायू असतो त्याला वाससुद्धा नसतो... पुढचं मी अजून मनातही पूर्ण करत नाही.

बाबांना विचारलं, एवढा धूर येत होता, मग हाक का नाही मारली?

"जिन्यापर्यंत आलो होतो गं," ते म्हणाले. "तू बोलत होतीस. म्हटलं, संपलं की सांगावं."

माणसाने बोललंच पाहिजे, गप्प राहणाऱ्यांमुळे जग बिघडतं, हे मी आयुष्यभर सांगत आले. आजही तेच मानते. मग माझेच बाबा जिन्यावरून परत का फिरले... मला खरंच उलगडत नाहीये.

आता बाबांच्या खोलीत साधा तेलाचा हीटर आहे. एसीचे पाइप बाहेरून न्यायचे, भोक बुजवायचं, वरचं तोंड फोडायचं, आणि खालपासून वरपर्यंत स्टीलचा अखंड पाइप घालायचा... तरच स्टोव्ह, असं दत्तारामदादांनी सांगितलंय. मी फक्त "बरं" म्हटलं.

दत्तारामदादा हे वाचणार नाहीत, त्यांना असल्या पोस्टचं वेड नाही. पण त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि काहीच मानलं नाही... म्हणून बाबा आत्ता माझ्या शेजारी बसून चहा पिताहेत.