चिवड्याचा नमुना

१० नोव्हेंबर. फराळाचे डबे घासायला काढले आणि एकातून खवट तेलाचा भपकारा आला. मी ठाण्याला अन्नशास्त्रात एमएस्सी करत होते तेव्हाची गोष्ट आठवली. वास ओळखण्याच्या प्रात्यक्षिकाला मी शहाडहून आईचा चिवडा नेला होता. तिला तो विकायला सुरुवात करायची होती, म्हणून मॅडमचं मत हवं होतं. मॅडमनी हुंगून तो वर्गभर फिरवला. "नीट वास घ्या रे, यालाच खवट म्हणतात. आणि तू उद्या आणखी आण गं, इतका छान नमुना मुद्दाम करूनही जमत नाही." सगळे हसले. घरी आईने दारातच विचारलं, "आवडला का गं मॅडमना?" मी म्हणाले, "आणखी मागवलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हौसेने गच्च भरून दिलेला डबा मी मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.