गळा कापल्याचा गुन्हा

आमच्या सूनबाईची गोष्ट ती चिडलेली असतानाच सांगावी. एरवी ती दिसतच नाही, शिलाई मशीनवर वाकलेली असते. कपडे शिवते, आणि इंटरनेटवर शिवण शिकणाऱ्यांचा एक मोठा गट सांभाळते. म्हणजे सांभाळायची. पगार नाही, पण कोणी शिवीगाळ केली, भलत्या जाहिराती चिकटवल्या की काढून टाकायच्या. अशांना मॉडरेटर म्हणतात. मी आपला राखणदार म्हणायचो, तर फणकारायची, "बाबा, मी काय शेतात उभी आहे?"

तर झालं काय, हा गट ज्या कंपनीच्या साइटवर होता, तिच्या मालकांनी वाईट शब्द हुडकणारं यंत्र बसवलं. गटात एक म्हातारे शिंपीकाका होते, नवख्यांना जीव लावून शिकवणारे. एका मुलीने विचारलं, फ्रॉक डोक्यातून जात नाही, काय करू? काकांनी लिहिलं, "घाबरू नकोस. आधी गळा काप, मग बाह्यांकडे बघू."

झालं! जिवे मारण्याची धमकी दिली म्हणून यंत्राने काकांना कायमचं हाकललं.

सूनबाईने त्यांना परत घेतलं, यंत्राने परत हाकललं. शेवटी तिने कंपनीच्या साहेबाला फोनवर गाठलं. फोन स्पीकरवर, मला आयतीच करमणूक.

"मॅडम, गळा हा शब्द टाळता येणार नाही का?"

"मग काय म्हणू? डोकं जायचं भोक?"

"हो, चालेल ना."

"आणि काकांना परत कधी घेताय?"

"यंत्राच्या निर्णयात मालक हात घालत नाहीत, मॅडम."

"मग आम्ही कशाला आहोत? शोभेला?"

"तुम्ही राहा ना. फक्त काकांचा विषय सोडा."

मला हसू फुटलं. तिने असं बघितलं, की मी मुकाट चष्मा पुसायला घेतला.

'काका नाहीत तर आम्हीही नाही' असं लिहून तिने आणि जोडीच्या सगळ्या राखणदारांनी काम सोडलं. मालकांनी साधं 'का' म्हणून विचारलं नाही. गटात आता केसांच्या तेलाच्या जाहिरातींचं रान माजलंय.

आमचे चिरंजीव खूश. "सुटलीस एकदाची!"

"सुटले," म्हणत तिने पातेलं असं आदळलं, की चिरंजीव बाहेर चक्कर मारायला गेले.

परवा दुपारी बघतो तर मशीन बंद, आणि ही फोनमध्ये डोकं घालून.

"अगं, सोडलंस ना ते?"

"सोडलंय! नुसतं बघतेय. गटातल्या या मुलीने फ्रॉकला चेन उलटी लावलीय, आणि एक माणूस सांगत नाहीये तिला."

"मग तू सांग."

"मी का सांगू? सांगू दे की त्यांच्या यंत्राला!"

फोन कापडांच्या ढिगाखाली खुपसून तिने मशीन सुरू केलं. हातभर शिलाई झाली नसेल, तोच थांबली. चरफडत फोन उपसला आणि थेट शिंपीकाकांना लावला.

"काका, एका मुलीने चेन उलटी लावलीय. तुमचा नंबर देऊ का तिला?"

काका असे ओरडले, की स्पीकरची गरजच नव्हती. "उलटी? अगं, दे दे! आधी दे, मग विचार!"