तेलाची तार

नवरा गेल्यावर मला माहेरी कल्याणला आणलं, तेव्हा मी पोरसवदाच होते. दादानं घराच्या ओटीवर शिळाप्रेस घातला होता. दगडावर अक्षरं उतरवायची, रुळानं शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचा, की पोथीचं पान तयार. मला ओटीवर जायला बंदी होती. विधवेनं परक्या माणसांसमोर यायचं नाही, बाहेर निघालेल्यांना आडवं तर मुळीच जायचं नाही. माझी जागा परसदारी. वहिनी वाईट नव्हती, पण बोलायची कामापुरतं. कधी कधी संध्याकाळी दिवा लावताना ध्यानात यायचं, की आज सबंध दिवसात आपण तोंडातून शब्द काढलेला नाही.

शाईसाठी जवसाचं तेल परसातल्या चुलीवर आटवत. ते काम दादा करी. एका हिवाळ्यात त्याला तापानं धरलं आणि ते माझ्याकडे आलं. "दाट होईतो आटव आणि काजळ खल," एवढंच त्यानं सांगितलं. मी तसं केलं आणि वाडगा घरातूनच ओटीच्या खिडकीत ठेवला. खिडकीला पडदा होता.

थोड्या वेळानं पलीकडून छापणाऱ्याचा आवाज आला. कोकणातला माणूस, आमच्याकडे नवाच लागलेला.

"आत कोण आहे? शाई घट्ट झालीय. कागद दगडाला चिकटतो आणि सोलून निघतो."

उत्तर द्यावं की नाही, कळेना. शेवटी म्हटलं, "पातळ करून देते."

मी कच्चं तेल ओतलं. मग त्यानं छापलेलं पान पडद्याखालून आत सरकवलं. मला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं फुगून एकमेकांत शिरली होती, हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तेल दोन भांड्यांत आटवलं. पाकाची तार बघतात तसा निवलेला थेंब बोटांत धरून पाहिला. एकाची तार लांब येऊ दिली, दुसरं तार धरू लागताच उतरवलं. दोन्ही थोडी थोडी मिसळून काजळ खललं.

"आज अक्षर मोकळं येतंय," पलीकडून आवाज आला. "काय केलंत, बाई?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "दोन्ही तेलं हाताशी ठेवा. ऊन चढलं की शाई सैल पडते, तेव्हा दाटातलं लागेल."

दादा बरा झाला, पण ते काम माझ्याकडेच राहिलं. रोज सकाळी पलीकडून विचारणा होई. आज घट्ट हवी, आज जरा सैल. पावसाळ्यात कागद दमट व्हायचा, तेव्हा तर दिवसभर बोलणं चाले. पण सगळं शाईचंच. एकदा मात्र तो मध्येच म्हणाला, "तुमचा आवाज बसलाय. बरं नाही का?"

माहेरी आल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं.

"थंडीनं झालं असेल," मी म्हटलं.

"सुंठ घ्या," तो म्हणाला आणि रूळ फिरू लागला.

काही वर्षांनी दादानं प्रेस ठाण्याला हलवला. तिथे कचेऱ्यांचं काम मिळे, आणि शाई मुंबईहून डब्यांत तयार येऊ लागली. दगड बैलगाडीत चढवले त्या दिवशी छापणारा परसदारी आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ म्हातारा. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "डब्यातली शाई एकाच जातीची येते, बाई. हिवाळ्यात त्रास देणार ती."

"मग तिच्यात थोडं पातळ तेल घाला," मी म्हटलं.

"घालीन. येतो."

दादा-वहिनी तिकडेच राहायला गेली, घर सांभाळायला मी एकटीच मागे राहिले. थंडी पडली तेव्हा एका सकाळी उगाच चूल पेटवून थोडं तेल आटवलं. बोटांत तार धरली, चांगली आली होती. ओटीवर जायला आता मला कुणी अडवणार नव्हतं. मी वाटी घेऊन गेले आणि या तेलानं लाकूड टिकतं म्हणून ते ओटीच्या सुकलेल्या दाराला चोळत बसले.