पाच वाजता दिसलेली प्लेट

रक्तातले जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हे काही तासांत सांगणारे यंत्र आमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा सहकाऱ्यांनी पेढे वाटले. मी पेढा हातात धरून उभा राहिलो. मला दाराबाहेरचे बाकडे आठवत होते.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. त्या बाकड्यावर शाहूवाडीकडचा एक वृद्ध शेतकरी तीन दिवस बसून होता. त्याची पत्नी वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात तापाने फणफणली होती. तिच्या रक्ताच्या बाटलीत जंतू वाढले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते प्लेटवर पसरून वर औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. जिच्याभोवती जंतू न वाढता स्वच्छ वर्तुळ पडेल, तिच्यातले औषध लागू.

"पावणं, उगवलं का न्हाय अजून?" तो विचारी. "आमच्या भाताचा तरवा बी उगवायला एवढा येळ घेत न्हाय की!"

"उद्या सकाळी, बाबा."

"उद्या, उद्या! तुमचं जंतू बी सरकारी नोकरीत हायती जणू."

मी हसलो होतो.

संध्याकाळी पाचला घरी निघण्यापूर्वी मी प्लेट उजेडाकडे धरली. तिला जे औषध चालू होते, त्याच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते. वर्तुळ नव्हतेच. पण नियम असा की, रात्रभर वाढू द्यावे, सकाळी मोजावे, मग डॉक्टरांची सही. पूर्वी एकदा तोंडी निकाल घाईने कळवून मी चुकलो होतो, सर्वांदेखत बोलणी खाल्ली होती. वॉर्डात फोन करायला एक मिनिट पुरले असते. मी प्लेट परत ठेवली आणि बाकड्याकडे न पाहता सायकल काढली.

सकाळी अहवाल गेला, औषध बदलले. दुपारी ती वारली. ती एक रात्र मिळाली असती तर ती वाचली असती का, हे कोणीच सांगू शकत नाही. या वाक्याचा आडोसा मी फार वर्षे घेतला.

त्यानंतर मात्र काही दिसले की मी लगेच फोन करू लागलो. "काका, उद्या लेखी येईलच की," नर्स म्हणत. "आत्ताच लिहून घ्या," मी म्हणे. का, ते कधी सांगितले नाही.

ती गेल्यावर महिन्याभराने तो शेतकरी पिशवीभर तांदूळ घेऊन आला. "तिच्यासाठनं तुमी लई केलासा," म्हणाला. खरे सांगण्याची ती एकच वेळ होती. मी पिशवी घेतली.

तो तांदूळ मी एकट्यानेच शिजवून संपवला. कोणाला जेवायला बोलावले असते, तर तो कुठून आला हे सांगावे लागले असते.